टाकीच्या तळाशी माती कशी परतली

मासे ठेवायच्या काचेच्या टाकीच्या तळाशी इंचभर साधी माती, तिच्यावर साधारण तेवढाच बारीक खडीचा थर, दाट पाणवनस्पती आणि मोजके मासे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, पाणीही वरचेवर बदलायचं नाही. ही पद्धत आज अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांच्या नावाने ओळखली जाते. १९९९ साली त्यांचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. तळाशी माती घालण्याची कल्पना मात्र त्याहून दीडशे वर्षं जुनी आहे.

१८४९ मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका पात्रात वाळू आणि चिखल घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली नि दोन गोल्डफिश सोडले. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, हे डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच दाखवलं होतं. माशांना तो पुरेल, असा वॉरिंग्टन यांचा विचार. काही काळाने पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळलं. या प्रयोगातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. कुजणाऱ्या पदार्थांचं काय करायचं, हा टाकीचा खरा प्रश्न तिथेच समोर आला होता.

पुढे शौकिनांनी धरून ठेवली ती प्राणवायूची गोष्ट. १९४९ मध्ये अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स अॅट्झ यांनी ती खोडून काढली: वायूंची देवाणघेवाण मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावर होते आणि रात्री वनस्पती स्वतःच प्राणवायू वापरतात. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पंप, फिल्टर आणि धुतलेली खडी यांचे दिवस आले. नंतर जपानच्या ताकाशी अमानो यांनी अप्रतिम हिरव्या टाक्या उभ्या केल्या, पण प्रखर उजेड, सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि सततची छाटणी यांच्या बळावर.

वॉलस्टॅड यांनी प्राणवायूचा मुद्दा पुन्हा उकरला नाही. वनस्पतिशास्त्र आणि जलपर्यावरणावरचे शोधनिबंध चाळून त्यांनी वेगळं कारण मांडलं. नायट्रेट आणि अमोनियम ही नायट्रोजनची दोन रूपं; बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी घेतात. म्हणजे माशांच्या उत्सर्गातून येणारं अमोनियम त्या थेट शोषतात आणि फिल्टरवरचा भार उतरतो. मातीतले सेंद्रिय पदार्थ कुजताना कार्बन डायऑक्साइड मिळतो. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू कमी असल्याने लोह विरघळलेल्या रूपात येतं. अशा मातीत विषारी हायड्रोजन सल्फाइडही तयार होऊ शकतो, पण मुळं आपल्याभोवती प्राणवायू सोडतात आणि त्याचा त्रास आटोक्यात राहतो. तरंगत्या वनस्पती तर कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून घेतात, म्हणून त्या झपाट्याने वाढतात. दुपारी काही तास दिवे बंद ठेवण्याचा वॉलस्टॅड यांचा सल्लाही यातूनच आला: तेवढ्या वेळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा भरून येतो.

हे सारं वनस्पतींच्या वाढीवर उभं आहे. नवी माती सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडू शकते, म्हणून या पद्धतीत पहिल्याच दिवशी भराभर वाढणाऱ्या वनस्पतींची दाट लागवड करतात. मासे थोडेच ठेवतात.