शेंगेनचा वाडा आणि त्याचा दिंडी दरवाजा

युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज भरताना मावशीनं एकच प्रश्न तीनदा विचारला. "अरे, फिरायचं चार देशांत, मग अर्ज एकट्या स्वित्झर्लंडकडे का?" टूर अकरा रात्रींची होती: फ्रान्स तीन, स्वित्झर्लंड चार, इटली तीन, ऑस्ट्रिया एक. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील, तर जिथून आधी आत शिरणार, त्या देशाकडे. पुण्यातल्या टूरवाल्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. काही जण तर अपॉइंटमेंट कुठल्या देशाची लवकर मिळते ते बघून मुक्कामाच्या रात्री इकडच्या तिकडे करतात.

मावशीचा प्रश्न मात्र रास्त होता. एका देशानं शिक्का मारला की शेंगेन गटातले बाकीचे अठ्ठावीस देश तो मानतात, हे जगाच्या इतिहासात अगदी अलीकडचं आहे. आणि ही व्यवस्था कशी घडली ते बघायला गेलं, तर वाटेत पर्यटक कमी भेटतात. ट्रकवाले भेटतात आणि आश्रय मागणारे निर्वासित भेटतात.

ट्रकवाल्यांपासून सुरुवात करू. 1984 च्या फेब्रुवारीत फ्रान्स-इटली सीमेवर कस्टमच्या कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं आणि आल्प्समध्ये ट्रकांच्या रांगा लागल्या. थंडीत दिवसचे दिवस अडकलेल्या चालकांनी मग ट्रक आडवे लावून फ्रान्सभरचे रस्तेच अडवले. पुणेकरांना हे फार समजावून सांगायला नको. 2013 पर्यंत महापालिकेची जकात होती आणि हद्दीवरच्या नाक्यांवर ट्रकवाले काय भोगायचे, ते सोलापूर रस्त्यानं किंवा नगर रस्त्यानं येणाऱ्या कुणालाही दिसायचं. आपल्याकडे जकात गेली, मग 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे करनाके उठले. युरोपात त्याच त्राग्यातून माणसांच्या तपासणीचे नाके उठले. 1984 च्याच जुलैमध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल आणि फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांच्या सरकारांनी आपापसातली तपासणी सैल करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांनी आपापसात हा प्रयोग 1960 पासूनच चालवला होता. तेही सामील झाले.

14 जून 1985 रोजी या पाच देशांनी मोझेल नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर सह्या केल्या. काठावरचं गाव शेंगेन, लक्झेंबर्गमधलं, द्राक्षमळ्यांचं. नाशिककडचं एखादं वाइनचं गाव डोळ्यांसमोर आणा. जागा निवडण्यामागे कारण होतं: फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या सीमा तिथेच भेटतात. सह्या करायला पंतप्रधान नव्हते, परराष्ट्र मंत्री नव्हते, दुय्यम मंत्री होते. कुणालाच ही मोठी घटना वाटली नव्हती. आज तेच नाव व्हिसाच्या स्टिकरवर असतं आणि आपण ते शेंजेन, शेनझेन, शेंगन असं जमेल तसं उच्चारतो.

इथे मला आपल्या पेठांतले जुने वाडे आठवतात. पाच बिऱ्हाडांनी ठरवलं की आतल्या दारांना कड्या लावायच्या नाहीत, चौक सगळ्यांचा. उत्तम. पण मग रस्त्यावरच्या मोठ्या दरवाज्यातून कोण आत येतं, याच्याशी पाचही बिऱ्हाडांचा संबंध आला. पूर्वी एकाकडे आलेला पाहुणा त्याच्याच खोलीत राहायचा, आता तो कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसू शकतो. मोठा दरवाजा बंद ठेवून दिंडीतून एकेकाला वाकून आत घ्यायचं, हे ओघानंच आलं. कड्या काढण्याचा निर्णय घ्यायला एक दिवस पुरला. दिंडीवर कुणी बसायचं, हे ठरवायला पुढची दहा वर्षं गेली. 1985 चा करार मोजक्या पानांचा. तो अमलात आणण्यासाठीचा सविस्तर करार 1990 मध्ये झाला आणि तपासणी खरोखर थांबली ती 26 मार्च 1995 रोजी. मधल्या काळात बर्लिनची भिंत पडली होती आणि पूर्वेकडून कोण किती येईल, याची धास्ती सगळ्यांनाच होती.

1990 च्या जून महिन्यातल्या दोन तारखा मला महत्त्वाच्या वाटतात. 15 जूनला युरोपीय समुदायाच्या देशांनी डब्लिनचा करार केला. 19 जूनला शेंगेनचा सविस्तर करार झाला. मध्ये चार दिवस. एकानं आतली दारं काढली. दुसऱ्यानं ठरवलं की आश्रय मागायला आलेला माणूस कुणाचा. बातम्यांत हे दोन वेगवेगळे विषय म्हणून येतात, पण एकाशिवाय दुसरा चालला नसता.

आश्रयाचा हक्क त्याहून जुना. 1951 चा निर्वासितविषयक करार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निराश्रितांसाठी होता आणि 1951 पूर्वीच्या घटनांपुरताच होता. देशांना हवं तर तो फक्त युरोपातल्या घटनांपुरता मानण्याचीही मुभा होती. 1967 मध्ये काळाची आणि जागेची ही बंधनं निघाली. त्याचं सार एवढंच की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांमुळे छळाची भीती असलेल्या माणसाला त्या छळाच्या तोंडी परत ढकलायचं नाही. भारतानं यावर आजतागायत सही केलेली नाही. गंमत अशी की तो करार होण्याआधी, 1943 पासून 1948 पर्यंत, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. शाळा, चर्च, नाटकं सगळं होतं. करार नसतानाही आश्रय मिळतो, आणि करार असूनही मिळत नाही, अशी दोन्ही उदाहरणं इतिहासात सापडतात.

तर डब्लिनचा नियम. एका माणसाचा अर्ज एकाच देशानं तपासायचा. तो देश कोणता, याचा क्रम लावून दिलेला आहे. आधी कुटुंब बघायचं: जवळचं माणूस आधीच कुठे आश्रयाला आहे का. मग बघायचं, याला व्हिसा कुणी दिला होता. व्हिसाच नसेल, तर हा चोरवाटेनं पहिल्यांदा कुठल्या देशात शिरला. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या पायरीवर आहे. स्वित्झर्लंडनं व्हिसा दिला, याचा अर्थ या बाईला वाड्यात घेण्याची जबाबदारी स्वित्झर्लंडची. उद्या तिनं इटलीत जाऊन "मी परत जात नाही, आश्रय द्या" म्हटलं, तर इटली स्वित्झर्लंडकडे बोट दाखवणार. युरोपीय संघात नसूनही स्वित्झर्लंड या नियमात आहे, नॉर्वे आणि आइसलँडही आहेत. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी कशाला राहतेय तिकडे, आठ दिवसांत वरण-भात आठवेल." पण बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, परतीचं तिकीट, तीस हजार युरोचा विमा हे सगळं मागतात ते ती परत येणार हे पटावं म्हणूनच.

डब्लिनच्या नियमात खोट होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. दाराशी ज्याची खोली, पाहुणा त्याच्या गळ्यात. निर्वासित समुद्रातून येतात, म्हणजे ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन. जर्मनी जवळजवळ सगळ्या बाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला, आतली खोली. 1992 मध्ये, युगोस्लाव्हिया फुटत असताना, एकट्या जर्मनीत 4 लाख 38 हजार अर्ज आले होते. पुढच्याच वर्षी जर्मनीनं राज्यघटना बदलली: सुरक्षित देशातून आलेल्याला घटनेतल्या आश्रयाच्या हक्कावर दावा सांगता येणार नाही. आणि जर्मनीचे सगळे शेजारी सुरक्षितच ठरले. नाझी काळात स्वतः परागंदा व्हावं लागलेल्या पिढीनं विनाअट लिहिलेल्या त्या कलमाला ही अट लागली, हे मला त्या साऱ्या इतिहासातलं सर्वांत खिन्न करणारं पान वाटतं.

नियम पाळला जातोय का, हे कळायला पुरावा हवा. 2003 च्या जानेवारीत युरोडॅक सुरू झालं, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांचा सामाईक साठा. इटलीत ठसे दिलेला माणूस स्वीडनमध्ये पोचला, तरी मशीन सांगतं की हा इटलीचा. परत पाठवणी टळावी म्हणून लोकांनी बोटांची टोकं जाळून किंवा घासून घेतल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे शेंगेन व्हिसा मागणाऱ्या पर्यटकांचे ठसे नोव्हेंबर 2015 पासून घेऊ लागले. त्यांचा साठा वेगळा. मावशीच्या उजव्या अंगठ्याचा ठसा पाच वेळा उमटला नाही. चाळीस वर्षं भांडी, विळी, कपडे. काउंटरवरच्या मुलीनं ओला टिश्यू दिला, मग बोट काचेवर स्वतः दाबून धरलं. सहाव्यांदा हिरवा दिवा लागला. मागे रांगेत दोन आजोबा आपापले तळहात पँटला पुसत उभे होते.

पुढचा इतिहास भराभर कोसळत गेल्यासारखा आहे. 2011 च्या जानेवारीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं बेल्जियमला दोषी ठरवलं, कारण त्यांनी एका अफगाण माणसाला डब्लिनच्या नियमानं ग्रीसला परत पाठवलं होतं आणि तिथले हाल अमानुष होते. ग्रीसलाही दोषी धरलं. ग्रीसकडची पाठवणी जवळजवळ थांबली, म्हणजे नियमाचा एक खांबच निखळला. 3 ऑक्टोबर 2013 ला इटलीच्या लांपेदुसा बेटाजवळ निर्वासितांची बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. 2015 मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून जास्त लोक युरोपात आले. हंगेरीनं कुंपण घातलं. जर्मनीनं सीरियाच्या लोकांपुरता डब्लिनचा आग्रह सोडला आणि काही आठवड्यांत, 13 सप्टेंबरला, ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी बसवली. ती 'तात्पुरती' होती. मुदतवाढ मिळत राहिली आणि 16 सप्टेंबर 2024 पासून तर जर्मनीनं सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर पोलीस उभे केले. आपल्याकडे तात्पुरत्या म्हणून उभ्या राहिलेल्या टपऱ्यांचं जे होतं, तेच.

एक लाख साठ हजार माणसं देशादेशांत वाटून घ्यायचं 2015 मध्ये ठरलं होतं. प्रत्यक्षात पस्तीस हजारांच्या आसपास वाटली गेली. हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले आणि हरले, तरी हंगेरीनं एकही माणूस घेतला नाही आणि स्लोव्हाकियानं अगदी मोजकी घेतली. वाटणी जमेना, तेव्हा सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं: दिंडी आणखी बाहेर सरकवा. मार्च 2016 मध्ये तुर्कस्तानशी समझोता झाला. सहा अब्ज युरोच्या मदतीच्या बदल्यात तुर्कस्ताननं माणसं अडवायची आणि परत घ्यायची. ही सरकासरकी आपल्यापर्यंत पोचली ती सर्बियामार्गे. सर्बियात भारतीयांना तीस दिवस व्हिसा लागत नसे. तिथून पुढे युरोपीय संघात शिरणाऱ्यांची संख्या वाढली, संघानं दबाव आणला आणि 1 जानेवारी 2023 पासून ती सवलत बंद झाली.

त्यानंतर आला युरोपीय संघाचा आश्रय आणि स्थलांतराविषयीचा 2024 चा नवा करार. दहा कायद्यांचा हा गठ्ठा त्या वर्षीच्या मे महिन्यात मंजूर झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख 12 जून 2026 ठरली. व्हिसाशिवाय शिरलेल्याची सात दिवसांत छाननी, काहींच्या अर्जांचा निकाल सीमेवरच, ठसे घेण्याचं वय चौदावरून सहा वर्षांवर. वाटणीचा जुना वाद त्यांनी असा सोडवला: माणसं घ्या, नाहीतर माणशी वीस हजार युरो द्या, नाहीतर कर्मचारी किंवा सामान पाठवा. वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी गणपतीच्या वर्गणीऐवजी मांडवाचे बांबू द्यावेत, तसं. पहिला देश जबाबदार हे मूळ तत्त्व मात्र शाबूत आहे.

आणि हाच वाडा दुसऱ्या बाजूनं माणसं बोलावतोही आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीची व्हिसासंख्या वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुणांची गोष्ट होती. पुण्यात जर्मनचे वर्ग पूर्वीही भरायचे, रानडे इन्स्टिट्यूटमधल्या संध्याकाळच्या बॅचेस कित्येकांना आठवत असतील. पण तेव्हा भाषेची हौस असलेले किंवा चाकणच्या जर्मन कंपनीत नोकरी हवी असलेले जायचे. आता नर्सिंगच्या मुली बी-वन, बी-टू अशा भाषेच्या परीक्षांच्या पातळ्या पाढ्यासारख्या म्हणत असतात. नको ती माणसं आणि हवी ती माणसं, दोघांसाठीची दारं एकाच भिंतीत आहेत.

पर्यटकांचंही थोडं सैल झालंय. एप्रिल 2024 पासून, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरलेल्या भारतीयाला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. फी मात्र त्याच वर्षी जूनमध्ये ऐंशीवरून नव्वद युरो झाली, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

मावशीचा व्हिसा सतराव्या दिवशी आला. पासपोर्ट कुरियरनं घरी पोचल्यावर तिनं आधी चष्मा लावून स्टिकरवरचा फोटो पाहिला आणि "कैद्यासारखी दिसतेय" म्हणाली. मग मी सांगितलं की ऑक्टोबर 2025 मध्ये तिकडे नवी यंत्रणा सुरू झाली. विमानतळावर चेहरा आणि ठसे टिपून आल्या-गेल्याची नोंद संगणकात होते, पासपोर्टवर शिक्का मारणं बंद होतंय.

"शिक्का नाही?" ती म्हणाली. "मग इथे भिशीत दाखवू काय?"