‘होईल सवय’ म्हणून सवय होत नाही

आरतीत झांज वाजली की एखादं मूल कान दाबून पलंगाखाली शिरतं, आणि घरातलं कुणी वडीलधारं म्हणतं, ‘राहू दे इथेच, होईल सवय.’ बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरं ठरतं. तोच आवाज वारंवार आला आणि त्यातून काही वाईट घडलं नाही, की मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो. पंख्याची घरघर थोड्या वेळाने जाणवेनाशी होते ती यामुळेच. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेक मुलांमध्ये मात्र मेंदूचा हा प्रतिसाद मुळात तीव्र असतो आणि सावकाश ओसरतो. दहाव्या आरतीलाही झांज पहिल्याइतकीच टोचू शकते. हा हट्ट नव्हे.

मुंबईतल्या छोट्या फ्लॅटमध्ये त्रास आणखी वाढतो. फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, पंधरावीस माणसं एकाच खोलीत असतात आणि झांजेचा चिरका स्वर बाकी सगळ्यावर मात करतो. पण ‘आवाजाला घाबरतो’ एवढ्यावर थांबू नका. ढोल आवडणाऱ्या मुलाला झांज असह्य होऊ शकते. कुकरच्या शिट्टीला रडणारं मूल स्वतः तासभर ताट बडवतं, कारण तो आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्याच्या हातात असतं.

हाच धागा धरून गणपतीच्या तीन आठवडे आधी तयारी सुरू करा. आरतीचं रेकॉर्डिंग मुलाच्या आवडत्या खेळाच्या वेळी, अगदी हळू आवाजात, दोन मिनिटं लावा. आवाजाचं बटण मुलाच्या हातात द्या. त्याने बंद केलं तर बंदच राहू द्या. मूल निवांत असेल तरच दोनतीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. घाई केली की पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

कानांवर बसणारे इअरमफही आत्ताच आणा. रोज पाच मिनिटं घालून सराव हवा. ऐन मिरवणुकीत प्रथमच डोक्यावर चढवले तर त्यांचा दाबच नकोसा होतो. लहान मुलांना फोमचे बोळे देऊ नका, ते तोंडात जातात. इअरमफ दिवसभर घालून ठेवू नयेत, त्याने साधे आवाजही अधिक बोचू लागतात.

त्या दिवशी घरच्या आरतीत झांजेऐवजी टाळ्या वाजवता येतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: गाल ओढायचा नाही, पाया पडायला लावायचं नाही, मोदक चिकट लागला तर आग्रह नाही. मंडळाच्या दर्शनाला सकाळी लवकर जा आणि परतायची वाट आधी ठरवा. घर, रस्ता, मंडप, प्रसाद, घर अशी पाच चित्रांची पट्टी मुलाकडे द्या.

तेवढं करूनही मेल्टडाउन, म्हणजे त्रास असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, होऊ शकतं. त्याआधी बहुधा खुणा दिसतात: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, येरझाऱ्या, हात झटकणं. निघायची वेळ तीच. एकदा सुरू झालं की समजावणं निरुपयोगी असतं, कारण बोलणं हाही त्या क्षणी आणखी एक आवाजच असतो. ‘चल, बाहेर जाऊ’ एवढंच म्हणा. ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. घट्ट मिठी त्याला एरवी आवडत असेल तरच मारा. जिन्यात किंवा एखाद्या शांत कोपऱ्यात न्या, पाणी जवळ ठेवा आणि थांबा. रडणं संपल्यावरही मूल लगेच सावरलेलं नसतं. अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका.

रात्री वहीत चार ओळी लिहा: वेळ, जागा, आधीचा अर्धा तास, झोप आणि जेवण. दहाबारा नोंदी झाल्या की बरेचदा आवाजापेक्षा भूक किंवा अपुरी झोप हेच कारण सापडतं. पूर्वी सहन होणारा आवाज अचानक नकोसा झाला, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान, दात आणि पोट तपासून घ्या. दुखतंय हे पुष्कळ मुलांना शब्दांत सांगता येत नाही.