कुत्र्याला मागे जागा हवी? मग जुनी गाडी अशी निवडा

आमच्याकडे जुनी गाडी बघायला आलेले बहुतेक जण आधी रंग बघतात, मग वर्ष विचारतात, मग किलोमीटर. घरात लॅब्राडोर किंवा कारवानीसारखा मोठा कुत्रा असेल तर हा क्रम उलटा करा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो. माणसाला घाम तरी येतो, कुत्र्याला बहुतेक सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्यामुळे पहिली तपासणी एसीची आणि इंजिनच्या कूलिंगची, मग डिकीचं माप, मग कागदपत्रं. रंगाचं नंतर बघू.

आधी कुत्र्याचं माप घ्या

नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा. बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची मोजा. दोन्हींत चार-चार इंच वाढवा. लांबीइतका लांब आणि साधारण दीड-दोन फूट रुंद असा पुठ्ठा कापा आणि गाडी बघायला येताना सोबत आणा. जाहिरातीतले डिकीचे लिटर बॅगांसाठी असतात, त्यावरून कुत्रा मावेल का ते कळत नाही. पुठ्ठा आडवा-उभा ठेवून बघितला की मिनिटभरात उत्तर मिळतं. कारवानी-पश्मी अंगानं सडपातळ असले तरी खांद्यापाशीच दोन फुटांच्या वर जातात. त्यांना रुंदीपेक्षा उंची कमी पडते.

डिकीची कड जमिनीपासून किती उंच आहे तेही बघा. सात-आठ वर्षांचा, कंबर धरलेला लॅब्राडोर अडीच फूट उडी मारत नाही, आणि 30 किलोचं धूड रोज उचलणं तुमच्याही कंबरेला परवडत नाही.

कोणत्या गाड्या बघाव्यात

डिझायर, अमेझसारख्या सेडान सोडून द्या. डिकी मोठी असते, पण ती बंद पेटी. तिथे जनावर ठेवता येत नाही.

वॅगनआर हा सरळ पर्याय. छप्पर उंच, सुटे भाग गल्लीबोळात मिळतात. 2019 पासूनच्या मॉडेलची डिकी 341 लिटरची आहे. त्याआधीच्या मॉडेलची बरीच लहान, पण मागची सीट पाडली की एक मोठा कुत्रा आरामात बसतो. पाडलेली सीट सपाट होत नाही, मध्ये पायरी राहते. त्यावर 12 मिमीचा प्लाय आणि वर रबरी मॅट टाका. नुसती चादर टाकली तर प्रत्येक ब्रेकला कुत्रा घसरतो. 2010 पूर्वीच्या 1061 सीसी वॅगनआरला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) आहे, आय-10 च्या 1.1 इंजिनलाही. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर गाडी घेतल्याबरोबर बदला. त्यानंतरच्या वॅगनआरला आणि आय-10 च्या 1.2 कप्पा इंजिनला बेल्टऐवजी चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खर्रर्र आवाज येतो.

ईको जागेला राजा. दार सरकतं, कुत्रा बाजूनं चढतो. मात्र इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं उष्णता आत येते, आणि बऱ्याच ईकोंना मुळात एसीच नसतो. एसीवालीच बघा. शाळेच्या किंवा मालाच्या फेऱ्यांत घासलेली ईको ओळखायची तर सरकत्या दाराचे रोलर आणि रूळ तपासा. मीटर काहीही सांगो, रूळ लपत नाही.

होंडा जॅझ (2015 ते 2018, वरचं व्हेरिएंट) थोडी महाग, पण हिच्या मागच्या सीटची बैठक वर दुमडते. पुढच्या सीटमागे गाडीच्या तळापासून छतापर्यंत मोकळी, सपाट जागा मिळते आणि एसीची हवाही तिथे पोचते. कुत्र्यासाठी एवढी सोयीची छोटी गाडी दुसरी नाही, असं आमचं मत. सीट खरंच वर होते का, हातानं करून बघा.

अर्टिगाची तिसरी रांग पाडली की प्रश्नच मिटतो. बजेट पोचत असेल तर बघा.

सीएनजीच्या हॅचबॅकमध्ये सिलिंडर डिकीत असतो. दोन पैसे वाचतात आणि कुत्र्याची जागा जाते. तरी घ्यायचीच असेल तर किटची आरसीवर नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची टेस्ट झाली आहे का, ते आधी बघा.

कूलिंग आणि एसी

गाडी रात्रभर उभी असावी. बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करा आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनवर कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत हिरवा, लाल किंवा निळा कुलंट दिसायला हवा. पाणी विटकरी असेल, झाकणाच्या रबरावर चुन्यासारखा थर असेल, तर त्या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय असं समजा. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अशी गाडी सात रस्ता ते होटगी रोड बिनतक्रार चालते आणि एसी लावून तुळजापूरचा घाट चढताना तापते.

याच दुखण्यावर दोन जुगाड केलेले सापडतात. एक, फॅन ‘डायरेक्ट’ करणं: इंजिन गार आहे, एसी बंद आहे, तरी चावी फिरवताच रेडिएटरचा फॅन सुरू होतो. दुसरा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकणं: हायवेवर वीस मिनिटं पळवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नाही, अ‍ॅव्हरेजही घटतं. दोन्हींचा अर्थ एकच, आधी कधीतरी गाडी तापली होती आणि मूळ काम झालेलं नाही. काही गाड्यांना काटा नसतो, नुसता दिवा असतो. तिथे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून तापमान वाचायला सांगा. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट-पांढरा फेस दाट साचला असेल तर हेड गॅसकेटची शंका घ्या आणि ती गाडी सोडा.

एसी दुपारी एक ते तीनमध्येच तपासा. गाडी उन्हात तापू द्या, मग रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) एसी लावून पंधरा मिनिटं चालवा. साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवा: चालत्या गाडीत 10-12 अंश आला तर उत्तम. उभ्या गाडीत थोडा चढतोच, पण भराभर चढत राहिला तर कंडेन्सर, फॅन किंवा गॅसचं काम आहे. नंतर तोच थर्मामीटर कुत्रा बसणार तिथे ठेवा. छोट्या गाड्यांना मागे एसीच्या जाळ्या नसतात. पुढे गारवा आणि डिकीत भट्टी, असं नेहमी होतं. ‘दरवर्षी गॅस भरतो’ हे कुणी कौतुकानं सांगितलं तर पाइपांच्या जोडांवर तेलकट डाग शोधा. गॅस आपोआप संपत नाही, गळतो.

एसी कितीही चांगला असला तरी बंद गाडीत कुत्र्याला ठेवून नवी पेठेत खरेदीला जाऊ नका. बाहेर 40 अंश असताना दहा मिनिटांत आत 50 च्या आसपास होतं. काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

बाकीचं

टायरवर चार आकडी तारीख असते: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. गाडीनं 35,000 किमी दाखवावेत आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत असावं, हे जुळत नाही. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगानं जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ असेल, सीटचे रूळ गंजले असतील, तर गाडी पुरात उभी होती. 2019 आणि 2021 ला कोल्हापूर-सांगलीकडे, 2025 ला सीनाकाठी पाणी भरलं होतं, हे लक्षात ठेवूनच बघा.

कागदपत्रं

सोलापुरात केए-28 आणि केए-32 पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्या कर्नाटकच्या. फॉर्म 28 ची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, एमएच नंबर घ्यायचा. तिकडचा टॅक्स परत मागायची धावपळ वेगळी. हा खर्च किमतीत धरल्याशिवाय सौदा करू नका. पुण्याकडची एमएच-12 किंवा 14 ची गाडी आणली तर टॅक्स पुन्हा लागत नाही.

नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या. ई-चलन बाकी आहे का, तेही नंबर टाकून बघा. विमा 14 दिवसांत नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच. गाडी 15 वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर हे खर्च लगेच पुढ्यात येतील.

ठरवलेल्या रकमेतला दहावा हिस्सा बाजूला ठेवा. ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट, ब्रेक पॅड आणि बॅटरी यांना तो लागतोच. केबिन फिल्टर खास बघा. काही जुन्या व्हेरिएंटमध्ये त्याची जागा असते, फिल्टर नसतो, आणि कुत्र्याचे केस थेट एसीच्या कॉइलवर जाऊन बसतात.

बघायला येताना

पुठ्ठा, टेप, थर्मामीटर आणि हार्नेस घेऊन या. सीट बेल्टला कुत्रा हार्नेसनंच बांधायचा, गळपट्ट्यानं नाही. जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेला बसतो. कुत्र्याला संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणा आणि स्वतःहून चढतो का बघा. इंजिन गार असताना तपासायचं तर सकाळी या, फक्त आदल्या दिवशी कळवा. तुम्ही येईपर्यंत त्या गाडीला कोणी चावी लावणार नाही.