अटक वेगळी, स्थानबद्धता वेगळी

पेपरात बातमी येते, 'सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध', आणि वाचणाऱ्याला वाटतं की झाली एक वर्षाची शिक्षा. शिक्षा झालेली नसते, एमपीडीए हा माणसाला पुढचा गुन्हा करण्याआधीच आत ठेवण्याचा राज्याचा कायदा आहे. त्या ऑर्डरवर कोर्टात खटलाच चाललेला नसतो, आणि हे आम्हा वकिलांना आत असलेल्याच्या घरच्यांना सुद्धा दोन-तीनदा सांगावं लागतं.

अटक होते घडलेल्या गुन्ह्यासाठी. 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, मग पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, जामिनाचा अर्ज, आणि 60 किंवा 90 दिवसांत चार्जशीट आलीच नाही तर जामीन हक्काने मागता येतो.

स्थानबद्धता असते हा माणूस पुढे काय करेल या अंदाजावर. एमपीडीए म्हणजे 1981 चा कायदा, त्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले आहेत, वाळू तस्कर नंतर आले. ऑर्डर काढतात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी, जज नाही. जामीन हा विषयच नाही. 5 दिवसांत कारणं कळवायची, 3 आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे, म्हणजे ऑर्डरला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळापुढे, ठेवायचं, तिथे वकील हक्काने मिळत नाही, आणि जास्तीत जास्त 12 महिने आत. घटनेच्या कलम 22 मध्येच याला जागा आहे.

हप्ता मागणाऱ्याविरुद्ध टपरीवाला कोर्टात उभा राहायला घाबरतो म्हणून त्याचा जबाब गोपनीय घेतात, नाव झाकून. ती भीती खरी आहे, त्याला सकाळी निवांत टपरी उघडता आलीच पाहिजे. पण नाव झाकलेल्या माणसाची उलटतपासणी कोण घेणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच की बाकीची प्रोसिजर काटेकोर पाळायलाच हवी, आणि गल्लीतल्या दोघांच्या मारामारीवर ही ऑर्डर निघताच कामा नये. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्या. हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली होती, सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. दोघांची मारामारी पहिल्या वर्तुळात येते, तिला नेहमीचा फौजदारी कायदा आहे. अख्खी वस्ती दारं लावून बसली तर दुसरं वर्तुळ, एमपीडीए तिथे लागतो. कित्येक ऑर्डरी हायकोर्टात याच मुद्द्यावर रद्द होतात.

मागे एक आई झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत घालून आली, पहिला प्रश्न हाच, "साहेब, जामीन कधी होईल?" गठ्ठ्यातली काही पानं इतकी पुसट की खिडकीच्या उजेडात धरली तरी अक्षर लागेना, आणि याच कागदांवरून तिच्या मुलाने आपली बाजू मांडायची होती. कागद वाचता येत नसतील, किंवा कारणं त्याला कळणाऱ्या भाषेत नसतील, तर ऑर्डर टिकत नाही. जामिनाचा अर्ज बाजूला ठेवला, तिला चहा दिला, पुसट पानांवर खुणा केल्या आणि मुलाच्या नावाने सरकारला निवेदन लिहायला घेतलं.