आठाला एक

७ जानेवारी १९७४. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गोडी नावाचा नर चिंपांझी झाडावर एकटाच खात बसला होता. शेजारच्या कासाकेला टोळीचे नर आवाज न करता अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ताच लागला नाही. उडी मारून तो पळाला, पण हम्फ्रीने पाय ओढून त्याला पाडलं, त्याच्या डोक्यावर बसून पाय आवळून धरले आणि बाकीचे तुटून पडले. सुमारे दहा मिनिटं हे चाललं. गोडी पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याची कहामा टोळी चार वर्षांत संपली.

संशोधक गोम्बेच्या चिंपांझींना केळी घालत. त्यामुळे हा बिघाड माणसानेच घडवला, असा आक्षेप आला. शंका रास्तच होती. पण २०१४ मध्ये चिंपांझींच्या १८ टोळ्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा पाहिलेल्या, अनुमानाने धरलेल्या आणि संशयित अशा १५२ हत्या निघाल्या. माणसाच्या ढवळाढवळीशी त्यांचा मेळ बसेना. बसला तो नरांच्या संख्येशी आणि दाटीशी. हल्लेखोरांत ९२ टक्के नर होते. टोळ्या-टोळ्यांमधल्या हल्ल्यांत एका बळीमागे साधारण आठ हल्लेखोर पडत.

सगळं गणित या आठाच्या आकड्यात आहे. बरोबरीच्या झटापटीत सुळे दोघांनाही लागतात. चौघांनी हातपाय दाबून धरले की मारणाऱ्याला ओरखडाही येत नाही. आणि असा एकटा सावज सापडतो, कारण पिकलेली फळं विखुरलेली असतात. टोळी दिवसभर लहान-लहान घोळक्यांत फुटून चरते. हद्दीवर गस्त घालणारे नर एरवीचा गोंगाट सोडून एकामागोमाग मुकाट चालतात, जमीन हुंगतात, थांबून कानोसा घेतात. समोर जमाव मोठा दिसला तर माघारी फिरतात.

त्यांना मोजता येतं का? युगांडातल्या कान्यावारा इथे लाउडस्पीकरवरून एका परक्या नराची हाक ऐकवली. घोळक्यात तीन किंवा अधिक नर असले तर ते एकसुरात ओरडून आवाजाच्या दिशेने निघत. एकटादुकटा नर सहसा गप्प राही.

बोनोबो तर चिंपांझींचे सख्खे भाऊबंद. २०१४ च्या त्याच पाहणीत त्यांच्या चार टोळ्यांत मिळून एकच हत्या सापडली, तीही संशयित. त्यांचे घोळके मोठे, माद्यांची एकी घट्ट, त्यामुळे एकटा गाठायची संधी फारशी मिळत नाही.

मग मारून हाती काय लागतं? जमीन, आणि जमिनीवरची फळझाडं. युगांडातल्याच न्गोगो टोळीने दहा वर्षांत शेजाऱ्यांपैकी किमान २१ जण मारले आणि २००९ मध्ये हद्द २२ टक्क्यांनी वाढवली. त्याआधीच्या तीन वर्षांत टोळीत १५ पिल्लं जन्मली होती, नंतरच्या तीन वर्षांत ३७. तीन वर्षांच्या आत दगावणाऱ्या पिल्लांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८ वर आलं.