हँडलचं लिंबू आणि सिलिंडरमधला गंज

"मामा, कोल्ड्रिंकच्या टबात इंजिन बुडवायचं, सकाळी नवंकोरं बाहेर." भाच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि मी चष्मा लावून दोनदा बघितला. निमित्त होतं त्यानं जांबोटीकडच्या एका गोठ्यातून उचलून आणलेल्या येझदी मोटरसायकलचं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला, पण आपल्या बेळगाव भागात या गाड्यांचं वेड अजून गेलेलं नाही. ही गाडी कित्येक पावसाळे कडब्याच्या पेंढ्यांमागे उभी होती. हँडलला काळं ठिक्कर पडलेलं लिंबू तेवढं शाबूत होतं. कधीच्या तरी खंडेनवमीचं असणार.

त्या लिंबाला दृष्ट अडवता आली असेल-नसेल, ओल काही अडवता आली नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. अथणीच्या कोरड्या हवेत हीच गाडी कदाचित बरी राहिली असती. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात, तिथं इंजिन काय टिकणार?

किक दगडासारखी घट्ट. भाचा किकवर उभा राहून उड्या मारायच्या बेतात होता, त्याला खाली उतरवला. आधी बाहेरची घाण. शेण, चिखल, सायलेन्सरच्या तोंडात उंदरानं भरलेला कडबा आणि कार्बोरेटरच्या मागच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर. ही माती आत पडली तर खेळ खलास, म्हणून सगळी भोकं चिंध्यांनी बंद करून मगच रॉकेल आणि ब्रश. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला वेगळं गाळलेलं ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच तिथून जातं, आणि सोबत जे येईल तेही बेअरिंगमधून दळत जातं. गंजाची बारीक पूड तर पॉलिशचीच पावडर. सोनार दागिन्यांना झळाळी आणायला जी लाल 'रूज' वापरतात ती दुसरं काही नसून लोखंडाचा ऑक्साइड असते. म्हणून सिलिंडरमध्ये पॉलिश पेपर घालून खरवडायचं आणि क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) न उघडताच गाडी चालू करायची, हा शहाणपणा नको.

आता पिस्टन अडकतो का, ते बघू. गंज म्हणजे लोखंडावर बसलेली घाण, अशी आपली समजूत असते. खरं तर ते लोखंडच असतं, रूप बदललेलं. पाण्याच्या थेंबाखाली लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत थोड्या अंतरावर जातात, तिथं पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो. म्हणजे एका थेंबाखाली एक चिमुकली बॅटरी चालू असते. गंमत अशी, की थेंबाच्या कडेला हवा भरपूर, म्हणून इलेक्ट्रॉन उचलण्याचं काम तिथं चालतं. लोखंड झिजतं ते मात्र मध्यभागी, जिथं ऑक्सिजन पोचत नाही. हवा लागत नाही तिथं खड्डा! पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली फट अशीच हवेला पारखी असते. म्हणून पिस्टन जिथं थांबला होता बरोबर तिथंच बिडाच्या भिंतीत खड्ड्यांचं कडं उमटतं. वर तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, तिथं जागा कुठून आणणार? तो पाचरीसारखा ठासून बसतो.

ते सोडवायला हातोडा नको. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलं. फट बारीक असल्यामुळेच ते केशाकर्षणानं आत झिरपतं, मात्र सावकाश. चार दिवस लागले. गॅरेजवाल्यानं बर्नरनं पिस्टनच तापवायचा सल्ला दिला होता. तो ऐकला नाही, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टन आणखी घट्ट झाला असता. तापवायचंच तर सिलिंडर बाहेरून. आम्ही तेच केलं आणि हेड काढून लाकडाच्या ठोकळ्यानं हलके ठोके दिले. पिस्टन सुटला.

यापुढचा भाग माझ्या आवडीचा, तेव्हा जरा लांबला तर सांभाळून घ्या. गंज ही बॅटरी असेल तर तिला उलटं चालवता येईल का? येतं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, त्यात चार-पाच लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार सिलिंडरला आणि पॉझिटिव्ह तार एका टाकाऊ लोखंडी सळईला. ही सळई सिलिंडरच्या पोकळीत बरोबर मधोमध टांगायची, भिंतीला टेकू न देता. वीज पाण्यातून जमेल तितका जवळचा रस्ता धरते, त्यामुळे सळईच्या समोर असेल तोच भाग नीट साफ होतो. सळई बाहेर ठेवली तर सिलिंडर बाहेरून लखलखीत आणि आतून जैसे थे.

चार्जर सिलिंडरमध्ये इलेक्ट्रॉन ढकलत राहतो. आधी लोखंड इलेक्ट्रॉन सोडत होतं, आता त्याला ते घ्यावे लागतात. थोडा लाल गंज इलेक्ट्रॉन घेऊन काळा मॅग्नेटाइट होतो आणि त्याची पकड सुटते. पण बरंचसं काम हायड्रोजन करतो. पाण्यातून सुटणारे त्याचे बुडबुडे गंजाच्या थराखालीच, धातूच्या अंगावर तयार होतात आणि पापुद्रे आतून उचलून टाकतात. फॅरडेनं 1830 च्या दशकात मांडलेल्या नियमानं याचा हिशेबही लागतो. एक अँपिअर वीज तासभर वाहिली की सुमारे 0.45 लिटर हायड्रोजन. आमच्या बादलीत तीन अँपिअर आठ तास, म्हणजे जवळपास 11 लिटर. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीनं पेट घेतो, तेव्हा बादली अंगणात ठेवायची. तारा काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे.

काहीजण सोड्याऐवजी मीठ घालतात, त्यानं विषारी क्लोरीन निघतो. सळई स्टेनलेस स्टीलची घेतली तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. तारा उलट्या लावल्या तर सळई वाचते आणि सिलिंडर खाल्ला जातो. आणि ॲल्युमिनियम या बादलीत चुकूनही नको. लोखंडाचा गंज सच्छिद्र, पण ॲल्युमिनियमचा ऑक्साइड घट्ट चिकटून धातूचं रक्षण करतो. सोड्याच्या पाण्यात नेमकं तेच कवच विरघळतं. हे सगळं मुलांना फळ्यावर शिकवून झाल्यावर मीच एका रात्री सिलिंडर हेड 'जरा भिजू दे' म्हणून त्या पाण्यात सोडून झोपलो. सकाळी ते काळपट, खरबरीत होऊन निघालं. भाचा काही बोलला नाही, फक्त त्याचा फोटो काढून ठेवला.

छोटे लोखंडी नट-बोल्ट सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाकले. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. त्याचा रेणू लोखंडाच्या आयनाला खेकड्याच्या नांगीसारखा पकडून पाण्यात ओढतो. मात्र गंज संपल्यावर ते चांगल्या लोखंडालाही सोडत नाही, म्हणून अधूनमधून बघत राहायचं. म्हणजे लिंबू गाडीच्या उपयोगाचं आहेच, फक्त हँडलऐवजी बादलीत हवं. कोलाच्या कोल्ड्रिंकमध्येही फॉस्फोरिक ॲसिड असतं, पण थोडं, आणि सोबत चिकट साखर फुकट. तेवढ्या पैशात लिंबूसत्त्व कितीतरी जास्त येतं.

बादलीतून काढलेलं उघडं लोखंड दमट हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागतं. त्यासाठी उकळत्या पाण्यानं धुवायचं, म्हणजे धातू स्वतःच्याच उष्णतेनं वाळतो, आणि कोमट असतानाच तेलाचा हात. बिडाचा तवा धुऊन लगेच तेल लावणाऱ्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होतं.

आमचा सिलिंडर आता राखाडी, स्वच्छ दिसत होता. बोट फिरवलं तर रिंगांच्या जागी खड्डे लागत होते. जे लोखंड गंज होऊन गेलं ते कोणतीही वीज भिंतीत परत बसवत नाही. उद्यमबागेतल्या लेथवाल्या मेस्त्रींनी बोअर गेज (पोकळीचा व्यास मोजायचं साधन) घालून दोन ठिकाणी माप घेतलं, भिंगातून बघितलं.

"पंचवीसमध्ये निघायचं नाही सर, पन्नासचा पिस्टन आणा बघा."

म्हणजे पाव मिलिमीटर वाढवून खड्डे निघणार नाहीत, अर्धा वाढवावा लागेल. 65 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास) आता 65.5 होणार. पिस्टन शोधण्याचं काम भाच्याकडे दिलं आहे.