धान्याची शेकपिशवी : गाठीपासून शिवणीपर्यंत, आणि ‘ओला शेक’ या शब्दाचा गोंधळ

सुती कापडाचे दोन तुकडे, आत धान्य, तोंडावर दुहेरी टीप. घरी शिवायची शेकाची पिशवी एवढीच. ती कशी शिवायची हे सांगायला हे टिपण नाही. ते बहुतेकांना येतं, आणि न येणाऱ्याला अर्ध्या तासात जमतं. ती आली कुठून आणि तिच्याबद्दल इतकी उलटसुलट मतं का आहेत, एवढंच इथे पाहायचं आहे.

कापडात गरम वस्तू बांधून दुखऱ्या जागी धरणं किती जुनं, याचा माग काढण्यात फारसा अर्थ नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळाच स्वेदनाचा, म्हणजे शेकून घाम आणण्याच्या उपचाराचा आहे. अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या स्वेदाचे तिथे १३ प्रकार सांगितलेत. त्यातल्या पहिल्या, म्हणजे संकरस्वेदाची व्याख्या आजही वाचण्यासारखी आहे : कापडात गुंडाळलेल्या किंवा न गुंडाळलेल्या पिंडांनी शेकणं. युरोपात तापवलेल्या विटा, निखाऱ्यांची धातूची भांडी, दगडी बाटल्या असा प्रवास झाला. रबर टिकाऊ करण्याची कृती हाताशी आल्यावर १९०३ साली झाग्रेबमधल्या एका संशोधकाने गरम पाण्याच्या पिशवीचं पेटंट घेतलं. स्वित्झर्लंडमध्ये मद्यभट्टीत उरणाऱ्या चेरीच्या बिया वाळवून, पिशवीत भरून, शेगडीच्या उबेला ठेवत. जुना काळ एवढ्यावर सोडून देतो, कारण आपल्या हातातल्या पिशवीचं या पूर्वजांशी नातं मानतात तितकं जवळचं नाही.

फरक गाठीत आहे. जुनी पुरचुंडी बांधलेली असे, शिवलेली नसे. वाळू किंवा धान्य आधी तव्यावर तापवायचं, मग फडक्यात घालून गाठ मारायची. निवलं की गाठ सोडायची, पुन्हा तापवायचं. कापड सहसा आगीजवळ जातच नसे. त्यामुळे ते कसलं आहे, दोरा कसला आहे, कप्पे किती, हे प्रश्नच नव्हते. पिशवीचं तोंड कायमचं शिवून टाकायचं, तर आतला माल आणि बाहेरचं कापड दोन्ही एकदम तापवता आली पाहिजेत. चेरीच्या बियांची पिशवी हा त्यातला जुना अपवाद. पण घरोघरी ही सोय पोचली ती मायक्रोवेव्हमुळे. म्हणून या पिशवीचा खरा इतिहास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो, असं माझं मत आहे. प्राचीन परंपरेचा शिक्का तिच्यावर नंतर मारला गेला.

मायक्रोवेव्हचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तारखा तेवढ्या सांगतो. रडारसाठी बनवलेल्या नळीने खाद्यपदार्थ तापतात, हे हेरून १९४५ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज झाला. पहिली विक्रीची यंत्रं १९४७ची, माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची. ओट्यावर मावणारं यंत्र १९६७ साली आलं. १९८६च्या सुमारास अमेरिकेतल्या चौथा हिस्सा घरांत ते होतं आणि १९९७पर्यंत दहातल्या नऊ घरांत. तांदूळ भरून गाठ मारलेल्या लांब मोज्याची कृती, आणि तिच्या मागोमाग नीट शिवलेल्या पिशव्या, याच काळात पसरल्या. मोज्याची गाठ ही जुन्या पुरचुंडीची शेवटची खूण म्हणायची.

आता त्या शब्दाकडे.

अशा बहुतेक पिशव्यांच्या चिठ्ठीवर ‘मॉइस्ट हीट’ असं लिहिलेलं असतं. मराठीत त्याचं कोणी ‘ओला शेक’ करतं, कोणी ‘दमट उष्णता’, कोणी सरळ ‘वाफेचा शेक’. तांदळाची कोरडी ठणठणीत पिशवी हातात घेऊन याला ओलं का म्हणायचं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. या शब्दाची मुळं दोन जागी आहेत आणि दोन्ही ठिकाणी धान्याचा संबंध नाही.

एक मूळ पोलिओच्या साथींत. ऑस्ट्रेलियातल्या एका परिचारिकेने लोकरी ब्लँकेटच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, आखडलेल्या स्नायूंभोवती गुंडाळायला सुरुवात केली. त्या काळचे डॉक्टर उलट करत. हातपाय फळ्यांनी जखडून ठेवत. ती १९४० साली अमेरिकेत पोचली. तिची कारणमीमांसा डॉक्टरांना पटली नाही, पण गरम ओल्या पट्ट्या मात्र रुग्णालयांनी उचलल्या. पट्टी नीट पिळलेली असेल तर गरम असूनही भाजत नाही, पाणी राहिलं तर भाजते, हे ज्ञान तिथलं.

दुसरं मूळ भौतिकोपचाराच्या (फिजिओथेरपीच्या) खोलीत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जाड कॅनव्हासच्या पिशव्या आल्या. त्यांना आडवेउभे कप्पे शिवलेले असत आणि आत पाणी शोषून फुगणारी खनिज भुकटी. त्या ७१ ते ७५ अंश सेल्सियस तापलेल्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायच्या, चिमट्याने काढायच्या आणि टॉवेलच्या सहा-आठ घड्यांमधून रुग्णाच्या पाठीवर ठेवायच्या. हा शेक खरोखर ओला. टॉवेल दमट होतो, कातडीवर ओल जाणवते. धान्याच्या पिशवीने इथून दोन गोष्टी घेतल्या, कप्प्यांची शिवण आणि ‘ओला शेक’ हे नाव. पैकी शिवण उपयोगी पडली.

नावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. साठवणीतल्या तांदळात किंवा गव्हात वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी असतं. मायक्रोवेव्ह मुख्यतः तेच पाणी तापवतो, म्हणून तर धान्य गरम होतं. त्यातलं थोडं वाफ होऊन कापडातून बाहेर येतं. नव्या पिशवीवर हात ठेवला तर किंचित दमटपणा लागतो आणि भाताच्या पेजेसारखा वास येतो. एक किलो तांदळात सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी, त्यातलं एका वेळी निसटतं ते थोडंसं. याला ओला शेक म्हणायचं की कोरड्या शेकाला आलेला घाम, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दुसऱ्या पक्षात आहे.

गंमत म्हणजे जुन्या वैद्यकाची विभागणी इथे जास्त कामाची आहे. चरकाने स्वेदाच्या ज्या जोड्या लावल्या त्यांत अग्नीचा आणि अग्नीविना, एका अंगाचा आणि सर्वांगाचा, या दोन आहेतच. तिसरी स्निग्ध आणि रूक्ष. जोडी ओल्या-कोरड्याची नाही, तेलकट-कोरड्याची आहे. वाळूच्या पुरचुंडीचा शेक रूक्षात मोडतो. धान्याची पिशवीही तिथेच बसेल. जवसात वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल असतं, पण ते दाण्याच्या आत राहतं, अंगाला लागत नाही. तेव्हा जवसाची पिशवीसुद्धा रूक्षच. मराठीत ‘शेक’ या एकाच शब्दात हे सगळं मावतं, आणि भाषांतर करणाऱ्याला ‘मॉइस्ट’ला प्रतिशब्द हवाच असतो, म्हणून गुंता होतो.

शब्दाचा हा कीस काढायचं कारण व्यावहारिक आहे. ओल्या माध्यमातून कातडीला उष्णता झपाट्याने मिळते, कोरड्या कापडातली हवा तिला अडवते. म्हणून ओला शेक जास्त ‘लागतो’ आणि चटकाही लवकर देतो. तो कोरड्यापेक्षा किती खोल जातो यावर मात्र एकमत नाही. बाहेरून दिलेली उष्णता मुळात सेंटिमीटरभरच आत पोचते, पुढे रक्तप्रवाह ती वाहून नेतो. पण ‘ओला’ हे नाव एकदा चिकटल्यावर लोक पिशवीवर पाणी शिंपडू लागले. कापडातून पाणी आत गेलं, धान्य भिजलं, नीट वाळलं नाही आणि बुरशी धरली. दुसरे लोक पिशवीशेजारी पाण्याचा पेला ठेवू लागले. पेला ठेवणं वाईट नाही, पण त्याचं कारण वेगळं. ते पाणी यंत्राची थोडी ऊर्जा स्वतःकडे ओढतं आणि पिशवी बेताने तापते. धान्यात ओल भरावी म्हणून तो पेला नाही.

खरी अडचण उलट दिशेने येते. प्रत्येक वेळी तापवताना धान्यातलं पाणी थोडं कमी होतं. पिशवी पूर्ण निवून उघड्यावर राहिली तर हवेतली आर्द्रता शोषून ती बरीचशी भरपाई करते. गरम असतानाच पुन्हा तापवली तर भरपाईला वाव नाही. दाणे कोरडे पडत जातात, कुठेकुठे करपतात आणि भाजका वास येऊ लागतो. धान्य उष्णतेचं वाईट वाहक आहे, म्हणून पिशवीचा मध्य वरच्या कापडापेक्षा खूप तापलेला असू शकतो आणि बाहेरून ते कळत नाही. अशी पिशवी पांघरुणात गुंडाळून ठेवली की उष्णता कोंडते, आतले दाणे धुमसू लागतात आणि आग यंत्रात न लागता अंथरुणात लागते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अशा आगी लागल्या, माणसं भाजली. ब्रिटनमध्ये २००४ साली मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या अशा वस्तूंसाठी स्वतंत्र मानक निघालं. अंथरूण गरम करायला ही पिशवी वापरू नका, ही सूचना तेव्हापासून ठळक झाली. विकत मिळणाऱ्या पिशवीवर ती छापलेली असते, घरी शिवलेलीवर कोण छापणार? भेट म्हणून पिशव्या शिवणाऱ्यांनी निदान एक कापडी चिठ्ठी टाचावी, असं मला नेहमी वाटतं. लॅव्हेंडरची फुलं आणि सुगंधी तेल घालण्यात जेवढा वेळ जातो, त्यापेक्षा कमी वेळात ते होतं. शिवाय करपल्याचा वास हीच या पिशवीची धोक्याची घंटा, आणि सुगंध नेमका तोच झाकतो.

शिवणकामाचे जे नियम आज कृतीत सहज सांगितले जातात ते बहुतेक या काळातले. कापड आणि दोरा दोन्ही शंभर टक्के सुती, कारण पॉलिएस्टर २५०-२६० अंशांच्या आसपास वितळतं आणि करपलेल्या दाण्याजवळ तेवढं तापमान अशक्य नसतं; वितळलेला धागा कातडीला चिकटतो, सुती नुसता करपतो. धातूची चेन, बटण, जरीचा दोरा चालत नाही, ठिणग्या उडतात. आत मांजरपाटाची पिशवी आणि वर काढून धुता येणारी खोळ, कारण धान्याची पिशवी धुता येत नाही. कप्पे यासाठी की उभी धरली तरी सगळा माल एका टोकाला गोळा होऊ नये. पिशवी गच्च भरायची नाही, दोन तृतीयांश पुरे. रिकामी जागा नसेल तर ती मानेवर वळत नाही, विटेसारखी बसते.

किती तापवायचं, याला आधार मिळाला तो १९४७ सालच्या एका अभ्यासातून. कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते हे त्यात मोजलं होतं : ४४ अंशांना सुमारे सहा तास, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. धान्याची पिशवी यंत्रातून निघते तेव्हा ६० अंशांच्या सहज पुढे असू शकते, मधल्या कापडावर आणि आपल्या हात काढून घेण्यावर सगळी भिस्त. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला हात काढून घेण्याची ती सोय नसते. कमी तापमानाचा फायदाही मोजला गेला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाळीच्या दुखण्यावर सुमारे ३९ अंशांचा सलग शेक आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांइतकाच उपयोगी ठरला. अर्थात तो कित्येक तास एकाच तापमानाला राहणारा तयार पट्टा होता. धान्याची पिशवी सुरुवातीला जास्त गरम, वीस-तीस मिनिटांनी कोमट. त्या चाचणीचा दाखला तिच्यासाठी देणं म्हणजे पुन्हा उसनवारीच.

‘हीटिंग पॅड’ हे नावही तसंच उसनं. ते आधी विजेच्या गादीचं होतं, मग जेलच्या पिशवीला लागलं, मग कळ दाबली की ५८ अंशांना गोठत उष्णता सोडणाऱ्या सोडियम अॅसिटेटच्या पाकिटाला, आणि शेवटी धान्याच्या पिशवीला. यंत्रात टाकायची आणि न टाकायची वस्तू एकाच नावाने ओळखली जाते, त्यामुळे विचारणाऱ्याला आधी ‘कुठलं?’ असं विचारावं लागतं.

अलीकडे भरणात बदल होतो आहे. ओल शोषून परत सोडणारे खनिज मणी मिळतात. ते करपत नाहीत, कीड लागत नाही. त्यांच्या पिशवीला ‘ओला शेक’ म्हणण्यात धान्याच्या पिशवीपेक्षा जास्त तथ्य आहे. चेरीच्या बियाही परत आल्या आहेत, कारण त्या धुता येतात. फक्त त्या पूर्ण वाळल्याशिवाय तापवायच्या नाहीत, आणि धुवायच्या आधी शिवण उसवायची की पिशवीसकट धुवायच्या, यावर शिवणाऱ्यांत सध्या दोन तट आहेत.